शॉनी राष्ट्राचा इतिहास व त्यापासून बोध



खेडेगांवांतील मंडळ्यांत काम करणाऱ्या उपदेशकांस दोन प्रश्न वारंवार ऐकावे लागतात. पहिला असा कीं, "जमीन गेली तर आमचें काय उरेल?" दुसरा असा कीं, "ख्रिस्ती झाल्यावर तुम्ही आपल्या लोकांचे राहिलां कोठें?" पहिला प्रश्न बहुधा घरांतून येतो व दुसरा बाहेरून. ह्या प्रश्नांचीं उत्तरें नुसत्या उपदेशानें देतां येत नाहींत. ज्यांच्यावर असे प्रसंग खरोखर गुदरले त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे विचारास आधार मिळतो. म्हणून ह्या अंकीं आम्ही अमेरिकेंतील शॉनी नांवाच्या राष्ट्राची हकीकत अभ्यासासाठीं देत आहों. ह्या राष्ट्राची जमीन एकदां नव्हे, अनेकदां गेली. आणि ज्यांनीं ती घेतली त्यांतील पुष्कळांच्या तोंडीं ख्रिस्ताचें नांव होतें. तरी हें राष्ट्र आज जिवंत आहे. तें कशाच्या बळावर जगलें हें पाहणें हा ह्या पाठाचा उद्देश होय.

१. नांव व मूळ प्रदेश

अमेरिकेच्या मूळ रहिवाशांस 'इंडियन' हें नांव कसें पडलें हें पुष्कळांस ठाऊक आहे. १४९२ सालीं कोलंबस हिंदुस्थानाकडे जाण्याचा मार्ग शोधीत असतां अमेरिकेजवळच्या बेटांस लागला, आणि आपण हिंदुस्थानच्या आसपास पोहोंचलों अशा समजुतीनें तेथील लोकांस तो 'इंडियन' म्हणाला. अशा रीतीनें आपल्या देशाचें नांव हजारों कोस दूरच्या लोकांस चिकटलें. वस्तुतः तेथें एक राष्ट्र नव्हतें. निरनिराळ्या भाषांचीं व चालीरीतींचीं शेंकडों राष्ट्रें होतीं. शॉनी हें त्यांपैकीं एक.

'शॉनी' ह्या नांवाचा अर्थ 'दक्षिणेकडचे लोक' असा आहे. त्यांची भाषा अल्गाँक्वियन नांवाच्या मोठ्या भाषाकुलांतील असून डेलावेअर, मायामी, किकापू इत्यादि राष्ट्रांच्या भाषा तिच्या बहिणी होत. ओहायो नदीचें खोरें हा त्यांचा आवडता प्रदेश. आज तेथें ओहायो, केंटकी, इंडियाना व वेस्ट व्हर्जिनिया हीं संस्थानें आहेत. जमीन काळी, रान दाट, नद्यांस पाणी भरपूर, अशी ही भूमि होती.

सतराव्या शतकांत युरोपियन व्यापारी बीव्हर नांवाच्या जनावराचीं कातडीं विकत घेऊं लागले व त्यांच्या मोबदल्यांत बंदुका देऊं लागले. बंदुका प्रथम हातीं आलेल्या इरोक्वा राष्ट्रसंघानें शिकारीच्या रानांसाठीं आपल्या शेजाऱ्यांवर स्वाऱ्या केल्या. ह्या धामधुमींत शॉनी लोकांची दाणादाण झाली. कांहीं आग्नेयेस सव्हाना नदीवर गेले, कांहीं पेन्सिल्व्हेनियांत, तर कांहीं पश्चिमेस इलिनॉयकडे. पुढें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांतील पुष्कळ लोक ओहायोच्या खोऱ्यांत परत येऊन वसले. इतक्या दूर दूर पांगलेले लोक परत एकत्र आले व एक राष्ट्र म्हणून नांदूं लागले, ही साधी गोष्ट नव्हे. तिचें कारण त्यांच्या समाजव्यवस्थेंत सांपडतें.

२. पांच विभाग व गांवची राहणी

शॉनी राष्ट्राचे पांच विभाग होते: चलागाथा, थाविकिला, मेकोचे, पेकोवी व किस्पोको. प्रत्येक विभागाकडे सर्व राष्ट्रासाठीं एकेक काम सोंपविलेलें असे. चलागाथा व थाविकिला ह्यांच्याकडे राज्यकारभार, मेकोचे ह्यांच्याकडे औषधोपचार, पेकोवी ह्यांच्याकडे धर्मविधि व किस्पोको ह्यांच्याकडे युद्ध. कोणत्याहि एका विभागाला 'आमचें आम्ही पाहूं' असें म्हणण्याची सोय नव्हती. कारण त्याच्यापाशीं जें होतें तें इतरांसाठीं होतें, व त्यास जें पाहिजे तें इतरांपाशीं होतें. ओहायो संस्थानांत आजहि चिलिकॉथी व पिकवा हीं गांवांचीं नांवें आहेत, तीं चलागाथा व पेकोवी ह्यांचींच रूपें होत.

उन्हाळ्यांत सर्वजण मोठ्या गांवांत राहत. लांकडांच्या मेढी रोवून वर झाडांच्या सालीचे मोठे तुकडे बसविले कीं घर तयार होई. गांवाच्या मध्यभागीं लांबरुंद सभागृह असे. आपल्याकडे जशी चावडी, तसें तें समजावें. गांवाबाहेर नदीकांठीं शेतें असत. त्यांत मका, घेवडा व भोपळा हीं तीन पिकें एकत्र लावीत: घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढे, व भोपळ्याचीं पानें जमीन झांकून ओल राखीत. शेत स्त्रियांचें, पेरणी, खुरपणी व कापणी त्यांच्या हातीं. शिकार पुरुषांची. कापणी उरकल्यावर थंडीच्या दिवसांत लहान लहान टोळ्या शिकारीस रानोमाळ जात व वसंतांत पुन्हां गांवीं येत.

राष्ट्रांत दोन प्रकारचे पुढारी असत, शांततेचे व युद्धाचे. ह्याखेरीज स्त्रियांमध्येंहि पुढारी असत, व त्या बहुधा पुरुष पुढाऱ्यांच्या आई, बहिणी वगैरे आप्त असत. १८२४ सालीं एका अमेरिकन अधिकाऱ्यानें शॉनी वृद्धांकडून ऐकून ह्या चालीरीति लिहून ठेवल्या. त्यांत असें आहे कीं, युद्धनायक निष्कारण लढाईस निघाला तर शांततेची पुढारी असलेली स्त्री त्याच्याकडे जाई, मूल वाढवितांना आईस किती कष्ट पडतात ह्याची त्यास आठवण देई, आणि निरपराधी लोकांवर शस्त्र धरूं नको अशी विनंति करी. तिचा शब्द तो सहसा मोडीत नसे.

सृष्टीच्या कर्त्रीस शॉनी लोक 'आमची आजी' म्हणत, व धान्य, शिकार व चालीरीति तिच्यापासून मिळाल्या असें मानीत. वसंतांत व शरदांत 'भाकरीचा नाच' म्हणून त्यांचा सण होई, व तो आजहि कांहीं ठिकाणीं होतो. त्यासाठीं बारा पुरुष शिकार आणीत व बारा स्त्रिया भाकरी करीत. मग पुरुषांची शिकार स्त्रियांस व स्त्रियांची भाकरी पुरुषांस देत. वसंतांतला सण विशेषेंकरून पिकासाठीं व स्त्रियांच्या कामाच्या मानार्थ, आणि शरदांतला शिकारीसाठीं. वसंत ऋतूंत पुरुष विरुद्ध स्त्रिया असा चेंडूचा खेळहि होई. त्यांत स्त्रियांस चेंडू हातांत धरून धांवण्याची मोकळीक असे, पुरुषांनीं मात्र तो पायानेंच मारावा.

मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांनीं वडील माणसें त्यास नांव देत. त्या नांवानें तें कासव, ससा, टर्की पक्षी अशा एखाद्या नामगटांत दाखल होई. म्हणून शॉनी मनुष्य कोठेंहि गेला तरी त्यास आपला विभाग, आपला गट व आपलें काम ठाऊक असे. गांव जळालें तरी हें ज्ञान जळत नसे.

३. दुसऱ्याच्या सहीनें गेलेली जमीन

१७६८ सालीं फोर्ट स्टॅनविक्स येथें इंग्रज सरकार व इरोक्वा राष्ट्रसंघ ह्यांच्यामध्यें करार झाला. त्यान्वयें ओहायो नदीच्या दक्षिणेकडील विस्तीर्ण प्रदेश इरोक्वांनीं इंग्रजांस देऊन टाकला. त्या प्रदेशांत शिकार करून पोट भरणारे लोक मुख्यतः शॉनी होते. त्यांची संमति कोणीं घेतली नाहीं. सही एकाची व जमीन दुसऱ्याची, असा हा व्यवहार होता.

गोरे वसाहतवाले केंटकींत शिरूं लागतांच तंटे सुरू झाले. दोन्ही बाजूंनीं खून झाले, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. शॉनींच्या हातूनहि बायकामुलांचें रक्त सांडलें. १० ऑक्टोबर १७७४ रोजीं पॉइंट प्लेझंट येथें लढाई झाली. शॉनींचा पुढारी कॉर्नस्टॉक हा होता. त्याच्या नांवाचा अर्थ 'मक्याचें ताट'. लढाईनंतर त्यानें तह केला व तो मनापासून पाळला. १७७७ सालीं, आपल्या लोकांस युद्धापासून आवरणें आतां कठीण झालें आहे, हें कळविण्यासाठीं तो आपण होऊन फोर्ट रँडॉल्फ ह्या अमेरिकन किल्ल्यांत गेला. तेथें त्यास अडकवून ठेविलें. बाहेर कोणा इंडियनांनीं एका शिपायास मारलें, त्याचा सूड म्हणून शिपायांनीं आंत घुसून कॉर्नस्टॉक व त्याचा पुत्र ह्यांस ठार केलें. शांततेचा पुढारीच असा मारला गेल्यावर शांततेच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें कोण ऐकणार? १७७९ सालीं राष्ट्राचा मोठा भाग ह्या कटकटीस कंटाळून मिसिसिपी नदीकडे पश्चिमेस निघून गेला.

ह्याच काळांतील आणखी एक गोष्ट ख्रिस्ती वाचकांनीं विसरूं नये. डेलावेअर राष्ट्र हें शॉनींचें शेजारी. त्यांस शॉनी लोक मानानें 'आजोबा' म्हणत. मोरेव्हियन मिशनच्या श्रमानें कांहीं डेलावेअर लोक ख्रिस्ती झाले होते व ग्नाडेनह्यूटन वगैरे गांवीं शेती करून राहत होते. ते कोणाच्याहि बाजूनें लढत नसत. युद्धामुळें त्यांस गांव सोडावें लागलें होतें. उपासमार होऊं लागली तेव्हां शेतांत उभा राहिलेला मका काढण्यास ते परत आले. तेथें पेन्सिल्व्हेनियाच्या शिपायांनीं त्यांस धरलें, आणि मतें घेऊन ठार मारण्याचें ठरविलें. ती रात्र त्या लोकांनीं प्रार्थना करण्यांत व गीतें गाण्यांत घालविली. ८ मार्च १७८२ रोजीं ९६ जणांचा वध झाला. त्यांत ३९ मुलें होतीं. मारणारेहि स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते. ह्यानंतर शॉनी व डेलावेअर गांवांत कोणी मिशनरी गेला व त्याच्याकडे लोकांनीं संशयानें पाहिलें, तर त्यांस दोष देणें योग्य होईल काय?

४. तीन पुढारी, तीन उपाय

१७८३ सालीं इंग्लंडनें अमेरिकेशीं तह करून मिसिसिपीपर्यंतचा मुलूख सोडून दिला. त्या तहांत तेथील मूळ राष्ट्रांचा उल्लेखहि नव्हता. शॉनी, मायामी वगैरे राष्ट्रें एकत्र झालीं. शॉनींचा ब्लू जॅकेट व मायामींचा लिटल टर्टल ह्यांच्या पुढारीपणाखालीं ४ नोव्हेंबर १७९१ रोजीं त्यांनीं सेनापति सेंट क्लेअर ह्याच्या फौजेचा पराभव केला. ६०० हून अधिक शिपाई पडले. परंतु २० ऑगस्ट १७९४ रोजीं फॉलन टिंबर्स येथें त्यांचाच पराभव झाला, आणि १७९५ च्या ग्रीनव्हिल येथील तहानें आजच्या ओहायो संस्थानाचा बहुतेक भाग त्यांच्या हातून गेला.

आतां पुढें काय करावें, ह्याविषयीं शॉनींमध्यें तीन मतें झालीं.

पहिलें मत वृद्ध पुढारी ब्लॅक हूफ ह्याचें. लढून आतां कांहीं मिळणार नाहीं. नांगर धरावा, गुरेंढोरें पाळावीं, कुंपणें घालावीं, म्हणजे गोरे लोक आपणांस शेजारी समजून राहूं देतील, असें तो म्हणे. वापाकोनेटा येथें त्याच्या लोकांनीं तसें केलेंहि. १८०७ सालीं क्वेकर पंथाचा विल्यम कर्क त्यांस शेतकी शिकवावयास आला. आपल्या गांवच्या जमिनीचा पक्का कागद सरकारनें लिहून द्यावा, अशी ब्लॅक हूफनें मागणी केली. तो कागद मिळाला नाहीं.

दुसरें मत तेन्स्क्वातावा ह्याचें. हा आधीं दारूच्या व्यसनांत बुडालेला मनुष्य होता. १८०५ सालीं त्यास दृष्टांत झाला, त्यानें दारू सोडली, आणि 'उघडें दार' अशा अर्थाचें हें नवें नांव धारण केलें. गोऱ्यांची दारू, त्यांच्या वस्तु व चालीरीति टाकून पूर्वजांच्या मार्गाकडे वळा, असा त्याचा उपदेश होता. पुष्कळांची दारू त्यामुळें सुटली, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. तसेंच, त्याच्या चळवळींत चेटकाचा आरोप ठेवून डेलावेअर लोकांतील कांहींजणांस १८०६ सालीं जाळण्यांत आलें व त्यांत एक ख्रिस्ती मनुष्य होता, हेंहि सांगितलें पाहिजे.

तिसरें मत त्याचा वडील भाऊ टेकुमसे ह्याचें. १८०९ सालीं फोर्ट वेन येथें अमेरिकन गव्हर्नर हॅरिसन ह्यानें कांहीं पुढाऱ्यांकडून सुमारें ३० लाख एकर जमीन लिहून घेतली. टेकुमसेचें म्हणणें असें कीं, ही जमीन सर्व राष्ट्रांची मिळून आहे. एका गांवच्या किंवा एका राष्ट्राच्या पुढाऱ्यांस ती विकण्याचा अधिकारच नाहीं. १८१० सालीं हॅरिसनच्या समोर उभें राहून त्यानें हें स्पष्ट सांगितलें. मग तो उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत राष्ट्राराष्ट्रांत फिरून ऐक्याचा उपदेश करूं लागला. तो दूर दक्षिणेस गेला असतां ७ नोव्हेंबर १८११ रोजीं टिपेकनू नदीजवळ हॅरिसनच्या फौजेशीं तेन्स्क्वातावाच्या लोकांची लढाई झाली व भावांचें गांव जाळण्यांत आलें. पुढच्या युद्धांत टेकुमसे इंग्रजांच्या बाजूनें लढला, आणि ५ ऑक्टोबर १८१३ रोजीं कॅनडांत थेम्स नदीजवळ धारातीर्थीं पडला.

वाचकहो, येथें थोडें थांबून विचार करा. टेकुमसे लढला, त्याची भूमि गेली. ब्लॅक हूफ लढला नाहीं, त्यानें नांगर धरला, सरकारशीं सलोखा ठेविला. त्याच्या लोकांचें काय झालें? १८३० सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें मूळ राष्ट्रांस मिसिसिपीच्या पश्चिमेस नेण्याचा कायदा केला. १८३१ सालीं वापाकोनेटाच्या शॉनींकडून करार लिहून घेण्यांत आला. त्याच वर्षीं ब्लॅक हूफ वारला. १८३२ च्या शरदांत त्याच्या लोकांनीं नांगरलेलीं शेतें, घरें व पूर्वजांचीं थडगीं सोडून कॅन्ससची वाट धरली. ह्यावरून दिसतें कीं, जमीन जाण्याचें कारण शॉनी लोकांचा रानटीपणा किंवा आळस हें नव्हतें. जमीन चांगली होती व घेणारा बलवान् होता. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट ज्यांनीं वाचली आहे त्यांस अधिक सांगावयास नको.

५. एका राष्ट्राच्या तीन शाखा

ह्यानंतर शॉनींच्या तीन शाखा झाल्या.

लुइसटाउन येथील शॉनी सेनेका लोकांसह राहत होते; त्यांस आजच्या ओक्लाहोमाच्या ईशान्य भागांत नेलें. त्यांस 'ईस्टर्न शॉनी' म्हणतात. सेनेकांपासून निराळे होऊन १९३९ सालीं त्यांनीं आपली घटना मंजूर केली.

पूर्वीं पश्चिमेस गेलेल्यांपैकीं पुष्कळ जण मिसूरींतून दक्षिणेकडे सरकले. कांहीं टेक्ससमध्यें गेले, तेथून १८३९ सालीं त्यांस हुसकून लाविलें, व शेवटीं ते आजच्या ओक्लाहोमाच्या मध्यभागीं स्थायिक झाले. कॅन्ससच्या राखीव मुलखांत हजर नसलेले म्हणून त्यांस 'ॲबसेंटी शॉनी' म्हणजे 'गैरहजर शॉनी' असें नांव पडलें. आपल्या घरीं राहणाऱ्यास परक्यानें गैरहजर म्हणावें, ह्यांतच त्या काळचा न्याय दिसून येतो.

तिसरी शाखा कॅन्ससमधील. तेथें शॉनींसाठीं सुमारें १६ लाख एकर मुलूख राखला होता, आणि येथून पुन्हां हालवणार नाहीं असा भरंवसा त्यांस दिला होता. १८५४ सालीं नवा करार होऊन त्यांतील २ लाख एकर मात्र त्यांच्याकडे राहिली, व बहुतेकांस माणशीं २०० एकरांप्रमाणें वांटून देण्यांत आली. सामाईक जमीन होती तोंवर ती घेण्यास सर्वांची संमति लागे. वांटणी झाल्यावर एकेकास गांठून त्याचा तुकडा घेणें सोपें झालें. १८६९ सालीं ह्या शाखेचे ७२२ लोक चेरोकी राष्ट्रांत सामील झाले. तेथें ते पुष्कळ वर्षें कायद्याच्या दृष्टीनें चेरोकी म्हणून गणले गेले; पण आपले सण, आपलीं नांवें व आपली सभा त्यांनीं सोडली नाहीं. २००० सालीं अमेरिकन कायदेमंडळानें निराळा कायदा करून त्यांस पुन्हां स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता दिली. १३१ वर्षांनंतर एका समाजानें आपलें नांव परत मिळविलें.

ह्या तिन्ही शाखांचीं ठाणीं आज ओक्लाहोमा संस्थानांत असून त्यांचे पुढारी लोक निवडून देतात.

६. शुभवर्तमान व भाषा

कॅन्ससमध्यें १८३० च्या सुमारास मेथडिस्ट व बॅप्टिस्ट मिशनांचें काम सुरू झालें. ह्या कामांत दोन निरनिराळ्या रीति दिसतात, व उपदेशकांनीं त्या नीट पाहाव्या.

बॅप्टिस्ट मिशनचा जोथम मीकर हा छापण्याची कला जाणणारा मनुष्य होता. त्यानें शॉनी भाषा कशी लिहावी ह्याची पद्धति बसविली. १८३५ सालीं जॉन्स्टन लिकिन्स ह्याच्या संपादकत्वाखालीं 'सिविनोवे केसिब्वी', म्हणजे 'शॉनी सूर्य', हें छोटेसें पत्र तेथील छापखान्यांतून निघालें. सबंध मजकूर मूळ लोकांच्या भाषेंत असलेलें अमेरिकेंतील हें पहिलें वर्तमानपत्र होय. मराठींतील ज्ञानोदय पत्र १८४२ सालीं निघालें. त्याच्या सात वर्षें आधीं शॉनी मनुष्य आपल्या भाषेंतील पत्र वाचीत होता.

दुसरी रीत मेथडिस्ट मिशनच्या शाळेची. टॉमस जॉन्सन ह्यानें १८३९ सालीं मोठें वसतिगृह काढून अनेक राष्ट्रांचीं मुलें तेथें ठेविलीं. मुलांस शेती, सुतारकी व लोहारकी, मुलींस शिवण व स्वयंपाक शिकवीत. पण शिक्षण सारें इंग्रजींत. जॉन्सन स्वतः गुलाम बाळगणारा होता, हेंहि इतिहासांत नमूद आहे. शाळा १८६२ सालीं बंद झाली. तेथें मुलांस उपयोगी कला मिळाल्या, पण आजीची भाषा त्यांच्या तोंडून सुटत गेली.

सर्व मिशनरी सत्तेच्या बाजूनें उभे राहिले असें मात्र नाहीं. ज्या अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, त्याच बोर्डाचा सॅम्युएल वूस्टर हा चेरोकी लोकांत काम करी. चेरोकींच्या हक्कांविरुद्ध केलेला जॉर्जिया संस्थानाचा कायदा मानण्याचें त्यानें नाकारलें, म्हणून १८३१ सालीं त्यास सक्तमजुरीची शिक्षा झाली. १८३२ सालीं वरिष्ठ न्यायालयानें त्याच्या बाजूनें निकाल दिला. तरी चेरोकींची जमीन वांचली नाहीं; परंतु चेरोकी लोकांनीं त्यास परका मानलें नाहीं, व तोहि शेवटपर्यंत त्यांच्यामध्येंच राहिला.

आतां एका शॉनी ख्रिस्ती मनुष्याची गोष्ट. टॉमस वाइल्डकॅट आल्फर्ड हा टेकुमसेचा पणतू, जन्म १८६०. गोऱ्यांचीं कागदपत्रें वाचतां यावीं म्हणून त्याच्या पुढाऱ्यांनीं त्यास व दुसऱ्या एका तरुणास व्हर्जिनियांतील हँप्टन येथील शाळेंत पाठविलें, व गोऱ्यांचा धर्म मात्र घेऊं नका अशी अट घातली. तेथें आल्फर्ड ख्रिस्ती झाला. घरीं परत आल्यावर आपल्याच लोकांनीं त्यास दूर लोटलें. तो निघून जाऊं शकला असता. पण तो तेथेंच राहिला, त्यानें मुलांस शिकविलें व लोकांचीं सरकारी कामें करून दिलीं. जमिनीची वांटणी आतां टळत नाहीं, तेव्हां आपला हिस्सा नोंदवून घ्यावा, असें त्याचें मत होतें. उलट टेकुमसेचाच नातू बिग जिम हा वांटणीच्या विरुद्ध होता; सामाईक राहण्यास मोकळी जमीन शोधीत तो मेक्सिकोंत गेला व तेथें १९०० सालीं देवीच्या सांथींत वारला. दोघांचें मत भिन्न, पण दोघांचें प्रेम एकाच लोकांवर होतें.

आल्फर्डनें चारहि शुभवर्तमानांचें शॉनी भाषेंत भाषांतर केलें, व तें १९२९ सालीं छापून निघालें. १९३८ सालीं तो मरण पावला. आज शॉनी भाषा अस्खलित बोलणारे थोडेच राहिले असून, तरुणांस ती पुन्हां शिकविण्याचा उद्योग ह्या राष्ट्रानें हातीं घेतला आहे. जुनें छापील पान अशा वेळीं साक्षीदार ठरतें. गोऱ्यांचा धर्म घेतला म्हणून ज्यास दूर लोटलें, त्यानेंच आपल्या लोकांची भाषा पुस्तकांत राखून ठेविली.

७. बोध

आरंभीं दोन प्रश्न दिले होते, त्यांकडे आतां वळूं.

जमीन गेली तर काय उरेल? शॉनींच्या इतिहासावरून असें दिसतें कीं, जेथें प्रत्येकास आपलें काम व आपलें नातें ठाऊक असतें, जेथें स्त्रियांच्या शब्दास मान असतो, व जेथें वर्षांतून कांहीं दिवस सर्वजण एकत्र जमून एकमेकांस अन्न देतात, तेथें समाज उरतो. म्हणून जमीन गेली तरी चालेल असें कोणीं समजूं नये. शॉनींचे हाल फार झाले, व झालेला अन्याय अन्यायच आहे. प्रत्येकानें आपला कागद वाचून घ्यावा, वाचतां येत नसेल तर भरंवशाच्या माणसाकडून वाचवून घ्यावा, आणि सर्वांच्या मालकीच्या वस्तूवर एकट्यानें सही किंवा अंगठा करूं नये.

ख्रिस्ती झाल्यावर आपण आपल्या लोकांचे राहतों काय? ह्याचें उत्तर बोलून देण्यापेक्षां राहून द्यावें. आल्फर्डनें वाद घातल्याची नव्हे, तर आपल्या लोकांत राहून काम केल्याची नोंद राहिली आहे. आणि ग्नाडेनह्यूटनच्या खुनाविषयीं कोणीं आपणांस विचारलें, तर तें झांकूं नये व त्याचें समर्थनहि करूं नये. त्या रात्रीं ख्रिस्त कोणत्या बाजूस होता हें ओळखण्यास मोठें पांडित्य लागत नाहीं. तो मका काढावयास आलेल्यांच्या बाजूस होता.

विचारासाठीं प्रश्न

(१) शॉनी राष्ट्राच्या पांच विभागांचीं कामें कोणतीं? आपल्या मंडळींत अशीं कोणतीं कामें आहेत, व तीं कोणाकडे सोंपविलीं आहेत?

(२) १७६८ च्या करारांत कोणाची सही होती व जमीन कोणाची होती?

(३) ब्लॅक हूफ, तेन्स्क्वातावा व टेकुमसे ह्यांच्या मतांत भेद कोणता? प्रत्येकाच्या मतांत खरें काय होतें?

(४) शॉनींच्या गांवांत युद्ध थांबविण्यासाठीं स्त्रिया काय करीत? आपल्या पंचायतींत स्त्रियांचें म्हणणें कितपत ऐकलें जातें?

(५) 'शॉनी सूर्य' पत्र व इंग्रजी शाळा, ह्या दोन रीतींपैकीं कोणतीचें फळ अधिक टिकलें? कां?